न दिलेले उत्तर

डोंगरउतारावरच्या दाट रानात एक हरेवा पक्षी राहत होता. मुलांनो, हा पक्षी तुम्ही पाहूनही तुम्हाला दिसला नसेल. अंग पानांसारखे हिरवे, कपाळ तेवढे केशरी. आपल्या गळ्याचा त्याला भारी अभिमान. दुसरा कोणी हरेवा आसपास गायला, की त्याच्या दुप्पट मोठ्याने उत्तर दिल्याशिवाय याला घास गोड लागत नसे. त्याची बायको त्याच मोसमात पलीकडच्या दरीतून आली होती. ती बोलायची कमी, बघायची जास्त.

एका सकाळी पांगाऱ्यावरून अनोळखी गाणे आले. शेजारचे शेकरू लगेच पुढे सरसावले. “काय हो गायकबुवा, तुमच्या रानात येऊन कोण गातंय हे? का आज घसा बसलाय?”

हरेव्याने पंख उघडलेच.

“अहो, जरा थांबा,” बायको म्हणाली. “उजाडल्यापासून तो एकाच जागेवरून गातोय. ना फांदी बदलली, ना किडा टिपायला थांबला. भूक लागत नाही का त्याला?”

“तुझ्या माहेरचे असतील असे घाबरट!”

“नव्हते ना. आमच्याकडेही असंच गाणं आलं होतं. माझे दोन्ही भाऊ उत्तर द्यायला गेले, ते परत आलेच नाहीत. आता आमच्या दरीत फार शांतता असते.” मग ती म्हणाली, “जायचंच तर जा. पण आधी उंचावरून एक फेरी मारा.”

हरेवा कुरकुरत उडाला. पांगाऱ्याच्या वरून पाहतो तर पानांआड एक पिंजरा टांगलेला, त्यात एक हरेवा जीव तोडून गातोय. पिंजऱ्याभोवती चिकाने माखलेल्या काड्या खोचल्या होत्या. बसले की पाय चिकटलेच. खाली झुडपात एक माणूस विडी ओढत वाट पाहत होता.

गळ्याशी आलेले गाणे हरेव्याने गिळले आणि तो मुकाट्याने परतला.

दुपारी माणसाने काड्या काढल्या, पिंजरा उचलला. “चल रे, आज कोणी नाही,” म्हणत तो उतरू लागला. पिंजऱ्यातला अजून गातच होता. त्याला वाटले, आपण जिंकलो.

“हरलात की!” शेकरू म्हणाले.

“हो, हरलो,” हरेवा म्हणाला, आणि बायकोशेजारी बसून निवांत किडे टिपू लागला.

तात्पर्य : कोणी आव्हान दिले, की लगेच उत्तर द्यायला धावू नये, आव्हान देणारा कुठे बसून बोलतो आहे, ते आधी पाहावे.