ओली कात

बाभळीच्या बनात मुंगसांची शाळा भरायची, तेव्हाची ही गोष्ट. तानूबाई मुंगसीण दगडावर बसून शिकवायच्या. एकदा त्यांनी सापाची कात पोरांपुढे टाकली.

"हं, धरा!"

तुरतुऱ्याने झडप घालून तिच्या चिंध्या केल्या. "शाब्बास! याला म्हणतात हुशार पोर," बाई म्हणाल्या. गुम्या मात्र एक तुकडा हुंगत बसला होता.

"अरे मठ्ठा, शाळा सुटेपर्यंत हुंगतच बसणार आहेस का?"

गुम्या हळूच म्हणाला, "बाई, कात अजून ओली आहे. म्हणजे साप लांब गेलेला नाही. तुम्हाला ही कुठे मिळाली?"

बाईंच्या अंगावरचा केस न केस ताठ उभा राहिला. कात त्यांना मघाशीच मिळाली होती, आता बसल्या होत्या त्याच दगडाखाली.