चालू न केलेलं इंजिन

“पण चालू केल्याशिवाय इंजिन निवडायचं कसं, उस्ताद?”

सर्जेरावने पुन्हा विचारलं.

दस्तगीर उस्ताद एका जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. 

महामार्गालगतच्या त्या यार्डात मोडीत निघालेल्या ट्रकांची इंजिनं रांगेने मांडून ठेवली होती. सर्जेरावला त्यातलं एक न्यायचं होतं. पवनचक्कीची लांबलचक पाती त्याच्या ट्रेलरवरून पठारावर चढवायची, म्हणजे ताकद मोठी हवी. त्याने दोन इंजिनं बाजूला काढली होती. दोन्हींच्या पट्टीवर एकच आकडा होता, चारशे अश्वशक्ती.

एक हिरव्या रंगाने चकचकीत केलेलं. दुसरं काजळीने माखलेलं, आणि त्याच्या एका खाचेत चिमणीने काड्या आणून ठेवलेल्या.

हिरवं इंजिन यार्डाच्या मालकाने, पोपटशेठने, सकाळी चालू करून दाखवलं होतं. शेडचे पत्रे थरथरले होते. सर्जेरावचं मन तिथेच बसलं.

त्याला तसाच आवाज हवा होता.

त्याचा धाकटा भाऊ नेताजी ट्रेलर चालवायचा. मागच्या हिवाळ्यात घाट चढताना इंजिन बंद पडलं आणि भरलेला ट्रेलर गियरमध्ये असूनही मागे मागे सरकत गेला. कठड्याला अडकून थांबला तेव्हा त्याचं एक चाक दरीवर होतं. त्या दिवसापासून नेताजीने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. दारात बसून रस्त्याकडे बघत राहायचा. नव्या इंजिनाचा आवाज मला फोनवर ऐकव, मग बघू... एवढंच तो म्हणाला होता.

उस्तादांना हे माहीत होतं. सर्जेराव त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता त्याचं नाव झालं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं दुखणं तो मान वर न करता सांगायचा, आणि लोक त्याच्या कानांची तारीफ करायचे.

“कान असतील तर आवाजावरून सगळं कळतं,” तो म्हणाला.

उस्ताद उठले. त्यांनी हिरव्या इंजिनावर तळहात ठेवला. ते अजून कोमट होतं. त्यांनी ऑइलचं झाकण काढलं, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला, पान्यावर हातभर पाइप चढवला आणि पाइप सर्जेरावच्या हातात दिला.

“फिरव.”

सर्जेरावने जोर लावला. इंजिन सहज फिरलं. झाकणाच्या तोंडातून बारीक सुस्कारा आला, मग पुन्हा एक.

“बघा, कुठे अडकत नाही,” सर्जेराव खूश होऊन म्हणाला. “लोण्यासारखं फिरतंय.”

पोपटशेठ हसले. उस्ताद, सोयरीक जमवायला आलात की इंजिन घ्यायला, असं त्यांनी विचारलं. सकाळपासून नुसती नाडीच बघताय.

उस्तादही हसले. मग ते काजळीने माखलेल्या इंजिनाकडे गेले. चिमणीच्या काड्यांना धक्का न लावता त्यांनी त्याचंही झाकण काढलं, पाना बसवला, पाइप चढवला.

“फिरव.”

सर्जेरावने एका हाताने ओढलं. पाइप थोडा खाली आला आणि थांबला.

त्याने दोन्ही हात लावले.

“जाम आहे, उस्ताद.”

“रेल त्याच्यावर.”

सर्जेरावने छाती पाइपावर टेकवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. पाइप आणखी वीतभर खाली गेला. झाकणाच्या तोंडातून काहीच आलं नाही. सुस्कारा नाही, श्वासही नाही; आत दाबली गेलेली हवा कुठूनच निसटत नव्हती.

मग पाइप वर येऊ लागला.

हळूच, पण न थांबता. सर्जेरावच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. तो चवड्यांवर आला. डिझेलचा थेंब नव्हता, बॅटरी नव्हती, गार पडलेलं लोखंड होतं... आणि ते त्याला उचलून परत करत होतं.

पोपटशेठचं हसू थांबलं.

सर्जेरावने हात सोडले नाहीत. त्याने पुन्हा भार टाकला. इंजिनाने पुन्हा तो परत केला.  देवळात पहिल्यांदा नेलेलं मूल जसं वर बघतं, तसा तो त्या काळ्या लोखंडाकडे बघत होता.

मग त्याने मान वळवून हिरव्या इंजिनाकडे पाहिलं.

“घाटात... मागच्या वेळी... त्या इंजिनातूनही हवा अशीच निसटत असणार, म्हणून गियरमध्ये असूनही त्याने गाडी धरली नाही.”

 उस्ताद कापडाने पाना पुसत राहिले.

तेवढ्यात सर्जेरावचा फोन वाजला. नेताजीचा होता. इंजिन मिळालं का, मिळालं असेल तर आवाज ऐकव, तो म्हणत होता. त्याचा स्वर दबलेला होता.

सर्जेरावने उस्तादांकडे पाहिलं. बॅटरी जोडू का, असं त्याने खुणेने विचारलं.

उस्तादांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि काजळीच्या इंजिनावर ठेवला.  काड्यांवर चिमणी येऊन बसली, फोनकडे बघून ओरडली आणि उडून गेली.



“दादा, चिमणीशिवाय काही ऐकू येत नाही,” फोनमधून नेताजी म्हणाला.

उस्ताद फोनजवळ वाकले.

“बरोबर ऐकलंस, बाळ. आता इथे ये, आणि याच्यावर रेलून बघ.”