महाराजांनी कळ झेलली

देवनाथ महाराज तेव्हा आंबेतळी गावाबाहेरच्या मठीत उतरले होते. गावात रंगनाथतात्या पोटाच्या असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. त्यांची विधवा धाकटी सून सगुणा त्यांचे सारे करी. वैद्यबुवांनी तिला बजावले होते, "आता उतार नाही, माउली. ही अफूची गोळी कळ शमवील, एवढेच. ठरल्या वेळीच देत जा; उशीर झाला तर तळमळतील, लवकर दिलीस तर श्वास थांबेल."

त्या दिवसापासून सगुणेला चैन म्हणून नव्हती. भाकरी थापता थापता उठे, तात्यांची छाती हलते ना ते पाही, वेळ कळावी म्हणून अंगणातली सावली पाही, चुलीपाशी येऊन पुन्हा उठे. गोळी दिली, की द्यायची राहिली? ओठांवर एकच धावा, "महाराज, माझा हात चुकू देऊ नका."

अशात शहरातून थोरले दीर व्यंकटराव आले. नामांकित वकील! वडिलांना गुंगीत पाहून ते कडाडले, "अफू चारून मारतेस त्यांना? आणि वर त्या गोसाव्याचे नाव घेतेस?" त्यांनी गोळ्यांची डबी उचलली.

"भाऊजी, तेवढी डबी राहू द्या. कळ उठली तर त्यांना सोसवणार नाही हो!"

व्यंकटरावांनी हसत डबी चुलीत उपडी केली.

दुपार कलली आणि कळ उठली. तात्यांच्या किंकाळ्यांनी आळी हादरली. व्यंकटराव आतबाहेर करू लागले, कानांवर हात धरू लागले. शेवटी अनवाणीच वैद्यांकडे धावले. वाटेत मठी लागली. पाहतात तो महाराज पोट आवळून जमिनीवर लोळताहेत, अंग घामाने निथळते आहे!

"उभा काय राहिलास?" महाराज कण्हत म्हणाले. "तुझ्या बापाची कळ इकडे घेतली आहे. औषध घेऊन घरी जा. लवकर कर, बाबा!"

व्यंकटराव औषध घेऊन घरी पोचले, तर तात्या शांतपणे सुनेच्या हातून पाणी पीत होते. "तुम्ही गेलात आणि कळ एकाएकी थांबली," सगुणा म्हणाली. तिने गोळी दिली. त्याच क्षणी तिकडे महाराज उठून बसले.

व्यंकटराव मठीत परतले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराज म्हणाले, "अरे, मी घटकाभर सोसले. ती रोज सोसते. तिच्याकडे जा."

ते तसेच घरी आले आणि साऱ्या आळीदेखत धाकट्या भावजयीपुढे वाकले.

"सगुणा, तू आता नीज. पुढची गोळी केव्हा द्यायची, तेवढे मला सांगून ठेव."