आधी पाणी प्या, महाराज!

सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी तिवरगडच्या धैर्यसिंह महाराजांनी हुकूम सोडला, "आमचा नवा शेतखाना टेकाडावर, चिंचेखाली खणा! बसल्या बसल्या सगळं राज्य दिसलं पाहिजे!"

राज्य केवढं, तर चिंचेखाली शौचाला बसून दिसेल एवढंच.

पण चिंचेच्या खालीच, उतारावर, गावाचा आड होता. राजवाड्यात पाणी भरणाऱ्या येसूने हुकूम ऐकला. तिची तान्ही गोदी नुकती वाटीने पाणी प्यायला लागली होती, तेही याच आडाचं. येसूने कळशी तिथेच ठेवली, पोरीला कडेवर घेतलं आणि थेट महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, तिथे नको! वर मुरूम, खाली फुटका खडक. खड्ड्यातलं सगळं आडात उतरेल."

"उतरेल? त्याला काय पाय आहेत?" महाराज हसले.

दिवाण त्र्यंबकपंत पुढे सरसावले. "आणि उतरलं तर बिघडलं काय? राजांचं काहीच घाण नसतं, असा दरबारचा रिवाज आहे!"

रिवाज खराच होता. महाराज शिंकले तरी दरबाराने "वा, काय सुगंध!" म्हणायचं.

"ऐकलंस ना पोरी?" महाराज म्हणाले. "आता आज जेवणाची पानं उठायच्या आत जमिनीखालून पाणी चालताना आम्हाला दाखव. चर खणायचा नाही! नाही दाखवलंस, तर शेतखान्याची पहिली कुदळ तूच मारायची!"

न खणता जमिनीखालचं पाणी कुणाला दिसलंय? येसूने क्षणभर गोदीकडे पाहिलं.

"बरं सरकार. वीतभर खळगा तेवढा करू द्या. आणि सरकारांचं आजचं सकाळचं भांडं मिळेल का? भरलेलं?"

पंतांना ठसका लागला. पण रिवाजाप्रमाणे ते घाण नव्हतंच, त्यामुळे नाही म्हणता येईना.

येसू झाकलेलं भांडं घेऊन घराकडून चिंचेखाली आली. दरबारी मंडळी लांब उभी होती. नाकाला उपरणी लागली, मग रिवाज आठवला, तशी उपरणी खाली आली आणि सगळे आभाळ बघत बसले. येसूने भांडं खळग्यात रिकामं केलं. वरून घागरभर पाणी ओतलं. गोदीची शिंक पुरी व्हायच्या आत खळगा कोरडा!

"कुठे गेलं, सरकार?"

"जमीन तहानलेली होती."

दुसरी घागर ओतली. तीही गडप!

दुपारी पंगत बसली. येसूने आडाचं पाणी शेंदून आणलं. चांदीचा एक पेला महाराजांपुढे ठेवला, एक पंतांपुढे.

"पाणी जमिनीखालून चालत नाही, असं सरकार म्हणतात. चाललंच तरी राजांचं घाण नसतं, असं पंत म्हणतात. मग घ्या की! आधी कोण?"

पंतांनी पेल्यात डोकावून पाहिलं. "मला आज उपास आहे."

"उपासाला पाणी घेतात, पंत."

"निर्जळी आहे!"

पंतांच्या पानात भाताचा डोंगर होता.

रश्श्याच्या तिखटाने महाराजांचे कान लाल झाले होते. त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. सगळी पंगत टकामका बघत होती.

"दिसलं ना सरकार, पाणी चालताना?"

"दिसलं, दिसलं! उचल ते आधी!" महाराज ओरडले. "मग खणायचं कुठे? ते तरी सांग!"

येसू घागर घेऊन पुढे, महाराज मागे. उताराखालच्या काळ्या रानात तिने पाणी ओतलं. ते परातीत ठेवल्यासारखं तसंच राहिलं.

"इथे खणलंत, तर पावसाळ्यात सगळं वर येऊन मुजरा करील, सरकार!"

आणखी पुढे, आडापासून पार लांब आणि त्याच्या खालच्या अंगाला, तांबड्या मातीचा उंचवटा होता. तिथे पाणी म्हातारा जिना उतरतो तसं सावकाश उतरलं. पहार कमरेइतकी खाली घातली तरी कोरडीच निघाली.

"इथे खणा. माती गाळत गाळत नेईल, आणि जमिनीखालचं पाणी इथे खूप खोल आहे."

महाराज उन्हाने घामाघूम झाले होते. "ते ठीक! पण आमचा आड तर तू सकाळीच बाटवलास! आता प्यायचं काय?"

पंगतीतून उचलून आणलेल्या पेल्यातलं आडाचं पाणी येसू आधी स्वतः घटाघटा प्यायली. मग दोन घोट गोदीला पाजले.

"भांडं वाटेत बदललं, सरकार! खळग्यात ओतली ती आमच्या सासूबाईंची नाचणीची पेज. माझी पोर ज्या आडाचं पाणी पिते, त्यात मी तुमचं कसं जाऊ देईन?"

"मग आमचं कुठे गेलं?"

"पंतांच्या परसातल्या केळींना घातलं. घाण नव्हतंच ना!"

महाराज पोट धरून हसले, इतके की तिथल्या तिथे मातीत बसले. पंत तेवढे हसले नाहीत. गोदीला तो चांदीचा पेला आणि येसूला दुभती गाय मिळाली.

मग महाराज मागून जमलेल्या गावकऱ्यांकडे वळले. "राज्यभर सांगा रे! आडाच्या वरच्या अंगाला कुणी खड्डा खणायला निघाला, की त्याला ही हकीकत ऐकवा आणि पेला पुढे करा!"

आणि हळूच म्हणाले, "पेजेचं तेवढं गाळा!"