चिखलाचे पथ्य

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात एक मुंगूस वैद्यकी करीत असे. दूरच्या डोंगरात राहून तो ही विद्या शिकून आला होता. एका उन्हाळ्यात रानडुकरांमध्ये खरजेची साथ आली आणि एका डुकरिणीची चारही पिल्ले खाजवून खाजवून रक्तबंबाळ झाली. मुंगसाने करंजाचा पाला वाटून त्यांना लेप लावला आणि बजावले, "आठ दिवस चिखलात लोळायचे नाही. औषध वाया जाईल!"

मोठी तीन पिल्ले कसली ऐकतात! आईची पाठ वळली की ती चिखलात पसार. धाकटे तेवढे गुणी. ते उन्हात तळमळत पडून राही. पण नवल असे की, त्या तीन द्वाडांची खरूज सुकू लागली आणि धाकट्याची चिघळत गेली. डुकरिणीला सारे दिसत होते. पण एवढ्या शिकल्यासवरल्या वैद्याला आपण काय सांगायचे? मुंगूस रोज विचारी, "पथ्य पाळता ना?" आणि ती मुकाट्याने मान डोलावी. सातव्या दिवशी धाकट्याने दूध सोडले, तेव्हा मात्र तिला राहवेना. "वैद्यबुवा, मी खोटे बोलले," ती रडत म्हणाली. "तिघे रोज लोळत होते, ते बरे झाले. ज्याने पथ्य पाळले, ते मरायला टेकले!"

"वैद्य मी की तू?" मुंगूस फणकारला.

"वैद्य तुम्हीच. पण खाज आमच्या अंगाला आहे. तुम्ही घटकाभर येता, मी दिवसभर बघते."

मुंगूस वरमला. त्याने पिल्लाला नीट न्याहाळले. उन्हाने वाळलेला लेप गळून पडला होता आणि उघड्या जखमांवर माश्या घोंगावत होत्या. "एका कुशीला नुसता लेप लावू, दुसऱ्या कुशीला लेपावर चिखल," तो हळूच म्हणाला. "पण पिल्लू तुझे आहे. तू हो म्हणालीस तरच."

"हो! लेप तुम्ही वाटा, चिखल मी आणते. डबक्यातला नको, झऱ्याकाठचा चांगला."

तिसऱ्या दिवशी चिखलाच्या कुशीवरची जखम सुकली. मग दुसऱ्या कुशीलाही चिखल लागला. आठवडाभरात पिल्लू भावंडांना ढुशा देत दुधासाठी भांडू लागले. डुकरिणीने गोड कंद उकरून मुंगसापुढे ठेवले. "वैद्यबुवा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार तर तुझे," मुंगूस हात जोडून म्हणाला. "माझी विद्या अर्धीच होती, ती तू पुरी केलीस. त्या तीन द्वाडांचेही आभार मान. पण पुढचे पथ्य मोडण्याआधी मला विचारा म्हणावे!"

तेव्हापासून मुंगूस प्रत्येक रोग्याला आधी विचारी, "तुला काय दिसले, ते सांग." आणि मगच पाला वाटायला बसे.

तात्पर्य : औषध वैद्य जाणतो, पण दुखणे रोगीच जाणतो; दोघांनी मिळून शोध घेतला, तरच खरा गुण येतो.