मदारशाबाबांचे टोमॅटो

“हे काय?” मदारशाबाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, हे गर्गेसरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. बाबांच्या हातातला पेला जर्मनचा होता की पितळेचा, यावरही त्यांचं स्वतःशी एकमत होत नाही. चाळीस वर्षं कॉलेजात भाषाशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही गत! पण कानशिलं तापली होती, एवढं मात्र पक्कं आठवतं.

“पेला,” सर म्हणाले.

“शाब्बास! आणि हे?”

“चिमटा.”

“वा! आणि हे?”

“अहो बाबा, पेला तुमचा, चिमटा तुमचा. काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मग मला कशाला विचारता?”

बाबांनी फक्त अंगणाच्या कडेला बसलेल्या रेवतीकडे पाहिलं...

रेवती सरांची नात. चार वर्षांची. गोंदेगावच्या माळावर या फकिराकडे सर आले होते ते निव्वळ लेकीच्या हट्टापायी; तिनं बाबांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. पोरीचे कान तपासून झाले होते, ठणठणीत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही मुलांचं बोलणं उशिरा येतं. तिच्याशी खेळा, गप्पा मारा.

सरांनी गप्पा मारल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यांवर दोनशे चित्रं चिकटवली. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक पुठ्ठा वर. हे काय? आणि हे? ती ‘माज’ म्हणाली की सर म्हणत, “मांजर. पुन्हा म्हण. नीट.”

पुठ्ठे आले तेव्हा रेवतीकडे अकरा शब्द होते. तीन महिन्यांत एकही उरला नाही. आबा खोलीत आले की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

आपणच तिची वाचा घालवली का? हा प्रश्न सरांनी अजून कुणालाही विचारला नव्हता.

“ताईत-बिईत बांधणार असाल, तर आम्ही निघतो,” ते म्हणाले.

“ताईत नाही माझ्याकडं. टोमॅटो आहेत.” बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “जेवून जा. पण लतीफ बाजारात गेलाय, तोडायची पंचाईत आहे.”

लतीफ हा बाबांचा एकुलता एक शिष्य.

झोपडीमागच्या वाफ्यात बाबा उकिडवे बसले. रेवती मागोमाग गेली होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, “पोरी, यातला पिकलेला कुठला गं? दाबून बघतो तर नासतात.”

ती गप्प.

बाबाही गप्प...

सरांना तो वेळ सोसेना. “रेवू, सांग बरं! लाल—”

बाबांनी मागे न बघताच तळहात वर केला. सर थांबले.

वाऱ्यानं पानं हलली. एक मुंगळा बाबांच्या पायावर चढला, उतरला. बाबा पोरीच्या तोंडाकडे बघत होते. घाई नव्हती, आर्जव नव्हतं. उत्तर हवं होतं, इतकंच.

शेवटी त्यांनी हात लांब करून एक टोमॅटो धरला. हिरवागार.

“हा घेऊ?”

रेवतीनं नकारार्थी मान हलवली. पण बाबांचं लक्ष टोमॅटोकडे होतं. त्यांनी देठ मोडला.

“नाय!” ती ओरडली. “तच्चा!”

कितीतरी दिवसांनी आलेला शब्द! सरांचं तोंड मात्र सवयीनं उघडलं.

“तच्चा नाही गं, क—”

पुढचं अक्षर बाहेर पडलंच नाही. बाबांनी तो टोमॅटो सरांच्या तोंडात कोंबला होता.

“खा, मास्तर.”

सरांचे डोळे मिटले, गाल आत ओढले गेले. रेवती खुदकन हसली. मग जवळ आली, मान तिरकी करून आबांचं तोंड निरखू लागली.

“आबा... आंबत?”

तिनं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

तोंड भरलेल्या सरांना फक्त होकारार्थी मान डोलवता आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आंबटपणामुळे होतं, असं ते अजूनही सांगतात.

निघताना त्यांनी बाबांना बाजूला घेतलं.

“बाबा, सोंग झकास वठवलंत. कच्चा-पिका कळत नाही म्हणे!”

“सोंग?” बाबा त्यांच्याकडे बघत राहिले... “पोरांना सोंग कळतं, मास्तर.”

रेवतीचं बोलणं काही त्या एका दिवसात सुधारलं नाही. शहरातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे दोन वर्षं जावं लागलं. पुठ्ठे मात्र माळ्यावर गेले.

सरांच्या मनातला किंतू पुरता गेला नव्हता. बऱ्याच वर्षांनी ते पुन्हा त्या माळावर गेले. बाबा पैगंबरवासी झाले होते. लतीफ वाफ्यात खुरपत होता.

“बाबांना पिकलेले टोमॅटो खरंच ओळखू यायचे नाहीत?” सरांनी विचारलं.

“लाल आणि हिरवं? दोन्ही एकच दिसायचं त्यांना, जन्मापासून.” लतीफ हसला. “मी आलो तेव्हा पाय धरले, म्हटलं, उपदेश करा. तर म्हणाले, ‘आधी सांग, यातला पिकलेला कुठला?’ मी दोन दिवस त्याचा अर्थ शोधत बसलो.”

“मग?”

“तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘अरे, चटणी करायचीय.’”