धुवायचे राहिलेले पाय

“त्या दादूच्या पायांशी एवढा वेळ का बसलात, बाबा?”

याकोबबाबा आश्रमाच्या ओट्यावर ओला पंचा पिळत होते. पवित्र गुरुवारची उपासना नुकतीच आटोपली होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून बाबाही दर वर्षी या दिवशी आपल्या शिष्यांचे पाय धुवायचे.

“चिखल फार होता,” बाबा म्हणाले.

विचारणाऱ्या शमुवेलचा नुसता जळफळाट झाला. त्याने दुपारीच वजरीने टाचा घासून, खोबरेल लावून पाय लख्ख करून ठेवले होते. गुरूच्या हाताला घाण लागायला नको. आणि बाबांनी काय करावं? तांब्याभर पाणी ओतलं, टिपलं, सरकले पुढे. तो मेला दादू गोठ्यातून तसाच उठून आलेला... त्याच्या भेगा मात्र बोटांनी धुतल्या. पाय मांडीवर घेऊन काटासुद्धा काढून दिला.

“मी एवढी वर्षं तुमच्यापाशी आहे. कधी उपास मोडला नाही. पूर्ण व्हा असं प्रभू म्हणाला, म्हणून जिवाचं रान केलं. तो प्रार्थनेत घोरतो. परवा मला चारचौघांत ढोंगी म्हणाला.”

“म्हणाला खरा.”

“तरी तुमचा जीव त्याच्यावरच. मला नाही बघवत, बाबा. असंच चालणार असेल तर मी उद्या घरी जातो.”



बाबा ओट्यावर टेकले आणि त्यांनी स्वतःचे पाय पुढे केले. अंगणभर वावरून ते बरबटले होते.

“माझे कोणी धुतले नाहीत.”

शमुवेलला भरून आलं. तो धावत जाऊन घंगाळ भरून घेऊन आला. बोट न् बोट चोळून धुतलं, पायांवर कपाळ टेकलं. या घडीला बाबा फक्त त्याचे होते.

“जड गेलं?”

“तुमचे पाय धुणं जड कसं जाईल? जन्मभर धुवीन.”

“हं... दादू परत गोठ्यात गेलाय. पुन्हा चिखलाने भरले असतील पाय.”

शमुवेलचे हात घंगाळातच राहिले.

“त्याचे?... बाबा, दुसरं काहीही सांगा. म्हणाल तेवढे उपास करतो.”

बाबांनी पंचा त्याच्या खांद्यावर टाकला.

“उपास तुला जमतात रे.”